तंबोऱ्याची साक्ष

संगीत ऐकण्यासाठी वीस-पंचवीस हजार रुपये खर्चून कानांत घालावयाची दोन चिमुकली बोंडे विकत घ्यावीत काय, असा प्रश्न आमच्या घरी निघाला. आमचे बिऱ्हाड हिमायतनगरात. लिबर्टी चौकाकडून नारायणगुड्याकडे जाणाऱ्या वाहनांचा गलबला पहाटेची घटका-दोन घटका सोडली तर थांबत नाही, आणि त्यात विलंबित आलाप ऐकू जावे तर निम्मा आलाप रिक्षाच वाहून नेतात. म्हणून स्नेह्यांकडून तीन जोड्या मागून आणल्या आणि पंधरा दिवस त्या आळीपाळीने ऐकल्या. ॲपलचे ‘एअरपॉड्स प्रो’, म्हणजे २०२२ साली निघालेली दुसरी आवृत्ती. सोनीचे ‘डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५’, साल २०२३. आणि सेन्हायझरचे ‘मोमेंटम ट्रू वायरलेस ४’, साल २०२४.

या इअरबड्सची तुलना करणारे लेखक बहुधा पाश्चात्त्य वाद्यवृंद लावून पाहतात. आपल्या गायनाला ती कसोटी पुरेशी नाही. आपल्या गायनाचा पाया तंबोरा. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या जवारीच्या दोऱ्यामुळे एकाच तारेतून वरचे अनेक स्वर उमलतात, आणि तंबोरा नीट लागला असेल तर कोणी न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार ज्या यंत्रातून ऐकू येईल, त्याची साक्ष ग्राह्य धरावी, असे मी ठरविले. आईचा तंबोरा घरात असल्यामुळे प्रत मुळाशी ताडून पाहण्याची सोय होती. आणि मूळ दस्तऐवज हाताशी असता नकलेवर विसंबू नये, हे वकिलाला सांगावे लागत नाही.

किशोरी आमोणकरांचा भूप प्रथम लावला. सेन्हायझरमधून जवारीचा धागा न् धागा मोकळा झाला. गंधार स्पष्ट होता. ॲपलमध्ये तो होता, परंतु सौम्य. तेथे गळा पुढे येतो आणि साथ अदबीने मागे बसते. सोनीचा खर्ज भरदार व गोड, पण त्या गोडव्याखाली जवारी थोडी दबते. भीमसेनांच्या अभंगाने पारडे फिरविले. सोनीवर पखवाजाची धुमी छातीत घुमली; सेन्हायझरवर टाळांची किणकिण तासाभराने कानाला टोचू लागली; ॲपलवर अभंगाचा शब्द न् शब्द निर्मळ आला. मोबाइलवरून स्वरांची पातळी कमीजास्त करता येते, त्यामुळे हे दोष काही अंशी निवारता येतात. बोंड कानात घट्ट बसले नाही तर मात्र कोणत्याही जोडीचा खर्ज गळून जातो, हे ध्यानी ठेवावे.

आकड्यांचा बडेजावही तपासून घ्यावा. सोनीची ‘एलडीएसी’ पद्धती सेकंदाला ९९० किलोबिटांपर्यंत माहिती वाहून नेते, परंतु आयफोन ती पद्धती चालवीत नाही. शिवाय मुळात जे मुद्रित झालेच नाही, ते कोणतीही पद्धती आणून देणार नाही. गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ते जुने मुद्रण तिन्ही जोड्यांतून जवळजवळ सारखेच ऐकू आले, आणि तिन्हींतून अंगावर काटा आला.

निकाल असा : ख्यालासाठी सेन्हायझर, अभंग-कीर्तनासाठी ॲपल, आणि तालाचा भर आवडणाऱ्यांसाठी सोनी. परंतु निकालपत्र येथे संपत नाही.

या तिन्ही यंत्रांत बाहेरचा गोंगाट मारण्याची युक्ती आहे. यंत्र बाहेरचा नाद टिपते, त्याची नेमकी उलटी लाट कानात सोडते, आणि दोन्ही लाटा एकमेकींना नाहीशा करतात. विमानाची वा पंख्याची घरघर, म्हणजे खालचा, सतत चालणारा नाद, हे तिचे सर्वांत सोपे सावज. एके सायंकाळी ही युक्ती चालू करून मी खोलीत पाठमोरा बसून भूप ऐकत होतो. गाणे संपले, मी वळलो, तेव्हा मागे आई तंबोरा घेऊन बसलेली दिसली. तिची बोटे तारांवर फिरत होती आणि मला खर्जाचा मागमूसही नव्हता. तंबोऱ्याचा खर्जही खालचा आणि सततच. पंखा कोणता आणि तंबोरा कोणता, हा विवेक यंत्रापाशी नव्हता. आणि ज्याच्यापाशी तो असावयाचा, त्याने आपले कान बंद करून घेतले होते.

देवळाच्या सभामंडपात ध्वनिक्षेपक खरखरतो, मुले रडतात, आणि तरीही एखादी जागा लागली की शेजाऱ्याची मान आपल्याबरोबर हलते. तेथील ऐकणे अशुद्ध असेल, एकट्याचे नसते.

बोंडे काढून मी जवळ गेलो. आईने तारा थांबविल्या आणि विचारले, “लागला होता का रे नीट?” मला उत्तर देता आले नाही. पुढे मी एक जोडी विकत घेतली, आणि ती प्रवासात फार उपयोगी पडते. दिवेलागणीला मात्र ती डबीत ठेवलेली असते.