पडवी कोणाची?

जेफ्री बावा यांच्या वास्तू मी आधी फोटोंत पाहिल्या आणि कित्येक वर्षांनी प्रत्यक्ष. बहुतेकांचं असंच होत असावं. आर्किटेक्ट असलेल्या एका मित्राच्या टेबलावर त्यांच्यावरचं जाडजूड पुस्तक असायचं. लांबच लांब व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, पलीकडे तळं, झाडाखाली ठेवलेला एकटा रांजण. पानं उलटताना मन शांत व्हायचं. पण बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट खटकायला लागली. त्या व्हरांड्यांत माणूस जवळपास नव्हताच.

माझं लहानपण कोकणात गेलं. आमच्या पडवीचा माणसाशिवाय फोटो काढणं अशक्य होतं. कोणीतरी सुपाऱ्या सोलत बसलेलं असायचं, कोणाची तरी भिजलेली छत्री उघडून वाळत ठेवलेली असायची, आणि पाऊस धरून आला की रस्त्यावरचा अनोळखी माणूसही न विचारता वळचणीखाली येऊन उभा राहायचा. पडवी घराची असली तरी पुरती घराची नसते. म्हणून बावांच्या फोटोंकडे पाहताना मला प्रश्न पडायचा, की हा इतका सुंदर व्हरांडा नेमका कोणासाठी आहे?

या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या घरांत सापडलं नाही. ते श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, मातारा शहराजवळच्या रुहुणा विद्यापीठात थोडंफार सापडलं. त्यांच्या वास्तूंपैकी ही फारशी मिरवली न जाणारी. पण तिथे पोचण्यासाठी घरांच्या वाटेनेच जावं लागतं.

बावा (१९१९–२००३) आधी वकील होते. आर्किटेक्ट म्हणून पात्र ठरले तेव्हा त्यांचं वय ३८ होतं. कोलंबोतल्या ‘एडवर्ड्‌स, रीड अँड बेग’ या ब्रिटिश काळातल्या जुन्या फर्ममध्ये ते भागीदार झाले आणि पुढची तीसेक वर्षं त्यांचं काम याच नावाने झालं. बावांवर लिहिताना ‘फर्म’ हा शब्द सहसा गाळला जातो. एकटा प्रतिभावंत आणि त्याची बाग, ही गोष्ट सांगायला सोपी पडते. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुरुवातीच्या वर्षांत उलरिक प्लेसनर हा डॅनिश आर्किटेक्ट त्यांच्या बरोबरीने काम करत होता. पुढे पुलोगसुंदरम हे तमिळ इंजिनिअर भागीदार झाले आणि मोठी कामं प्रत्यक्षात उभी राहिली ती बरीचशी त्यांच्यामुळे. लाकी सेनानायके या चित्रकाराने फर्मच्या नकाशांना त्यांची ओळख दिली. त्या नकाशांत जागेवरचं झाड ‘झाड’ म्हणून गोल वर्तुळात येत नाही. फणस फणसासारखा दिसतो आणि चाफा चाफ्यासारखा. झाड इतक्या निगुतीने काढल्यावर ते तोडायला हात धजत नसणार.

या फर्मच्या घरांपैकी सगळ्यात महत्त्वाचं मला एना डि सिल्वा यांचं वाटतं. १९६० ते ६२ या काळात ते कोलंबोत बांधलं गेलं. एना बाटिकचं काम करणाऱ्या कलावंत. त्यांना जुन्या वलव्व्यासारखं, म्हणजे सिंहली जमीनदारी वाड्यासारखं, घर हवं होतं आणि मोकळं, आधुनिकही हवं होतं. शहरातला मर्यादित प्लॉट. बावांनी घराची पाठ रस्त्याकडे केली, चारी बाजूंनी भिंत घातली आणि मधोमध मोठा चौक ठेवला. सिंहलीत त्याला ‘मेद मिदुल’ म्हणतात, म्हणजे मधलं अंगण. चौकाभोवती खोल्या, व्हरांडे आणि आणखी लहान लहान चौक. एका जागेतून दुसरी जागा दिसते, तिच्यातून तिसरी, आणि घर आहे त्याहून कितीतरी मोठं वाटतं.

आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल काळाचं आहे. तेव्हा कोलंबोत आधुनिक घर म्हणजे प्लॉटच्या मधोमध उभी पेटी, भोवती हिरवळ आणि ऊन थेट काचेवर. कर्कवृत्ताच्या खाली, वर्षातून दोन मोसमी पाऊस येणाऱ्या बेटावर या पेटीचा भट्टीसारखा उपयोग होतो. एनांच्या घराने जुनी युक्ती परत आणली, आणि तीही जुन्याचं सोंग न घेता.

यामागे परकीय चलनाच्या टंचाईचाही हात होता. साठ आणि सत्तरच्या दशकांत श्रीलंकेने आयातीवर कडक निर्बंध घातले. पोलाद आणि काच मिळणं मुश्कील झालं. मग स्थानिक लाकूड, दगड, विटा, नळीची कौलं. नळीच्या कौलांचं छप्पर किती गळतं आणि ते दरवर्षी शाकारताना काय हाल होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना फर्मच्या एका साध्या युक्तीचं मोल कळेल. त्यांनी खाली सिमेंटचे पन्हाळी पत्रे घातले आणि वर नळीची कौलं बसवली. गळती थांबली, कौलांचा खालचा थर वाचला, आणि बाहेरून छप्पर पूर्वीसारखंच दिसत राहिलं. ते पत्रे त्या काळी अ‍ॅस्बेस्टॉसचे असत, हेही सांगायला हवं. त्या मनोहर छपरांच्या पोटात काय आहे, हा प्रश्न आज दुरुस्ती करणाऱ्यांसमोर आहेच.

एनांच्या घराचं पुढे काय झालं ते बोलकं आहे. कोलंबोत जमिनीचे भाव चढले. २००९मध्ये घर विकलं गेलं. ते पाडलं जाऊ नये म्हणून दगड, लाकूड, कौलं यांच्यावर क्रमांक घालून सगळं उतरवण्यात आलं आणि बेंतोटजवळच्या लुनुगंगा या बावांच्या स्वतःच्या इस्टेटीवर पुन्हा जोडण्यात आलं. एक घर वाचलं याचा आनंदच आहे. पण जे घर रस्त्याकडे पाठ करण्यासाठी रचलं होतं, त्याच्यामागे आता रस्ताच नाही. गजबजलेल्या शहरात चार भिंतींआड शांतता कशी मिळवायची, हे त्याचं कोडं होतं. माळरानावर उत्तर उरलं, कोडं गेलं. आता तिथे पैसे भरून रात्रभर राहता येतं.

बावांच्या घरांबद्दल माझी मूळ तक्रार इथेच आहे. ती घरं उत्तम आहेत, पण ती चालवायला कोणीतरी लागतं. उघडा चौक म्हणजे रोज झाडायचा पाचोळा, पुसायची फरशी, झड आत आल्यावर हलवायच्या खुर्च्या. ते हात फोटोत येत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, हे घर निसर्गाशी एकरूप झालंय. खरं तर निसर्गाला रोज सकाळी कोणीतरी खराट्याने मागे सारत असतं. घराचा मालक ते हात पगारावर ठेवू शकतो. म्हणून या वास्तुविचाराची खरी परीक्षा तिथे होते, जिथे मालक नाही आणि वापरणारे हजारो आहेत.

कोलंबोहून माताराला जाणारी गाडी बराच वेळ समुद्राला चिकटून धावते. रुहुणा हे दक्षिण श्रीलंकेचं प्राचीन नाव. इथल्या लोकांची आपल्या भागात विद्यापीठ असावं ही जुनी मागणी होती. १९७८मध्ये कॉलेज सुरू झालं, १९८४मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मातारापासून थोडं पूर्वेला वेल्लमडम इथे टेकड्यांची जागा मिळाली आणि १९८०मध्ये काम फर्मकडे आलं. ते १९८८पर्यंत चाललं.

मी गेलो तेव्हा ‘बावांची इमारत’ शोधत होतो आणि ती सापडेना. कारण तिथे एक इमारत नाहीच. सुमारे पन्नास वास्तू दोन टेकड्यांवर पसरल्या आहेत. एकीवर कला शाखा, दुसरीवर विज्ञान, मधल्या खोलगट भागात ग्रंथालय आणि सगळ्यांना लागणाऱ्या सोयी. पायथ्याला पाणी अडवून केलेलं तळं, त्यापलीकडे रस्ता आणि समुद्र. प्रत्येक वास्तू तशी बेताची: काँक्रीटची चौकट, गिलावा केलेल्या भिंती, लाकडी खिडक्या, कौलारू उतरतं छप्पर. तोच खांब, तीच खिडकी, तेच छप्पर पुन्हा पुन्हा. एनांच्या घरातली कलाकुसर इथे नाही, कोरीव दार नाही, जुना रांजणही नाही. सरकारी कामात ते परवडलंही नसतं.

मग वास्तुकला कुठे आहे? ती इमारतींच्या मधे आहे. सगळ्या वास्तू उत्तर-दक्षिण अशा एकाच शिस्तीत बसवल्या आहेत, म्हणजे पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन भिंतीवर कमी येतं. पण टेकडी ही शिस्त पाळत नाही. ती वळते, उतरते, मधेच खडक वर काढते. त्यामुळे दोन सरळ इमारतींमधली जागा दर वेळी वेगळी होते. कुठे पायऱ्या, कुठे अंगण, कुठे गच्ची, आणि या सगळ्यांना जोडणारे छप्पर असलेले मार्ग. एका कोपऱ्यावर वळलात की अचानक समुद्र दिसतो आणि पुढच्या पावलाला नाहीसा होतो. एनांच्या घरातली ‘एका जागेतून दुसरी’ ही युक्तीच इथे दोन टेकड्यांवर ताणली आहे. फरक इतकाच, की इथे मधला चौक म्हणजे पूर्ण दरी.

दुपारी पाऊस आला. दक्षिणेत तो येतो तसा, न सांगता. काही क्षणांत सगळे जोडमार्ग भरून गेले. मुली वह्या पोटाशी धरून, मुलं कठड्यावर बसलेली, एक प्राध्यापक उभ्या उभ्याच एका विद्यार्थ्याशी वाद घालत होते. पागोळ्यांच्या आवाजामुळे सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. पाऊण तास कोणी कुठे गेलं नाही. माझ्यासारख्या परक्याला कोणी ‘तुम्ही कोण’ असं विचारलं नाही. फोटोंतल्या व्हरांड्यात जे नव्हतं ते सगळं इथे होतं. पडवी, पण कोणाच्याच मालकीची नसलेली.

म्हणून हे फर्मचं सगळ्यात चांगलं काम आहे, असं माझं मत झालं. कोट्टेची संसद (१९८२) भव्य आहे. कांदलामाचं हॉटेल जगभर गाजलं. पण तिथे वास्तू पाहणाऱ्याला भारून टाकायचं होतं. इथे तिने मुलांना नुसती जागा करून दिली आहे.

दोष आहेत. पहिला पायऱ्यांचा. टेकडीवर मान तुकवून बांधायचं तर चढउतार येतातच, पण ज्याला चढता येत नाही त्याला या कॅम्पसमध्ये फारशी जागा नाही. ज्या समुद्राच्या दर्शनाचं इतकं कौतुक होतं, ते व्हीलचेअरवरच्या माणसासाठी नाहीच. दुसरा दोष देखभालीचा. गिलाव्याच्या भिंती या हवेत काळ्या पडतात, शेवाळ धरतात. घरमालकाकडे रंगारी येतो, सरकारी विद्यापीठ निविदेची वाट पाहतं. पण मला इथे काळवंडलेली भिंत घरातल्या स्वच्छ भिंतीइतकी वाईट वाटली नाही. कमी कलाकुसर असलेल्या वास्तूला म्हातारपण सोसतं.

तिसरी गोष्ट दोष नाही, पण तिच्यावाचून हे लिहिणं अप्रामाणिक ठरेल. काम संपत आलं त्या १९८७ ते ८९ या वर्षांत दक्षिण श्रीलंकेत जेव्हीपीचं दुसरं बंड आणि सरकारचं दमन यांत हजारो माणसं मेली आणि बेपत्ता झाली. त्यांत तरुण मोठ्या संख्येने होते. देशातली विद्यापीठं दीर्घकाळ बंद होती. उत्तरेत तमिळ प्रश्नावरून युद्ध चालू होतं. चारी बाजूंनी उघडे मार्ग असलेला कॅम्पस अशा वेळी पूर्ण झाला. वास्तुकलेच्या पुस्तकांत या वर्षांवर फक्त इमारतीची तारीख असते. वास्तू हिंसा थांबवू शकत नाही आणि तसा दावा बावांनीही केला नाही. पण पावसात एकत्र उभं राहण्याची साधी सवय ज्या समाजात मोडून पडली होती, तिथे ती जागा शिल्लक राहिली, हे मला लहान वाटत नाही.

आणि एक ऋण. ‘उष्ण प्रदेशातली आधुनिकता’ म्हटलं की बावांचं नाव येतं, पण ती वाट आधी मिनेट डि सिल्वा यांनी पाडली होती. त्यांचं शिक्षण काही काळ मुंबईत जे. जे.मध्ये झालं. १९४२च्या आंदोलनाच्या काळात गांधीजींच्या सुटकेसाठीच्या संपात भाग घेतला म्हणून तिथून त्यांना काढून टाकण्यात आलं. मुंबईत सुरू झालेल्या ‘मार्ग’ या मासिकाच्या संस्थापकांत त्या होत्या. बावा आर्किटेक्ट होण्याआधीच त्यांनी कँडीत स्थानिक कारागिरांना घेऊन आधुनिक घर बांधलं होतं. पन्नासच्या दशकात कँडीच्या वटपुलुव इथे सरकारी नोकरांसाठी दोनशेहून जास्त घरांची वसाहत करताना त्यांनी राहणाऱ्यांनाच आधी प्रश्न विचारले: कसे राहता, काय हवं? बावांनी असे प्रश्न एना डि सिल्वांसारख्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना ऐकले असतील, पण रुहुणातल्या विद्यार्थ्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. तिथली पडवी चांगली झाली ती एका माणसाच्या नजरेमुळे. नजर चुकली असती तर विचारायला कोणी नव्हतं. मिनेट यांची वाट पुढे गेली असती तर ही चांगली जागा नशिबावर अवलंबून राहिली नसती.

आता अलिबागपासून गोव्यापर्यंत ‘बावा स्टाइल’ची सुट्टीची घरं दिसतात: उतरतं छप्पर, तळ्याऐवजी निळा स्विमिंग पूल, लांब व्हरांडा. उंच कुंपणाआड असल्यामुळे ती बाहेरून दिसत नाहीत, इंटरनेटवर दिसतात. मित्राने परवाच एका घराचे फोटो पाठवले. छान होते. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी त्याला रुहुणाचा माझ्या फोनवरचा एक धूसर फोटो पाठवला. त्यात वास्तू जवळपास दिसतच नाही, नुसत्या छत्र्या आणि डोकी.