निवड तर होऊन गेली

जनुकतंत्रज्ञानावरील मराठी लेखांत नीतीचा प्रश्न बहुधा भविष्यकाळात विचारला जातो: आईबाप उद्या हवे तसे मूल निवडतील काय? २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई यांनी जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले, तेव्हापासून हा सूर वाढलाच. कोल्हापुरात हे लेख वाचताना त्यातला ‘उद्या’ खटकतो.

गर्भजल परीक्षा निघाली गुणसूत्रांतील दोष ओळखण्यासाठी. पण त्याच पेशींत एक्स-वायही दिसतात. दोष शोधायचे साधन मुली शोधू लागले. पुढे सोनोग्राफीने ते काम सोपे केले. गर्भलिंगचाचणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये व देशाने १९९४ मध्ये कायदा केला. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ८३९. (आणि हा ऊस-दुधाचा सुखवस्तू जिल्हा!)

२००९ मध्ये जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याची मोहीम घेतली. यंत्रावर पहाराही यंत्राचाच. त्यात तपासणीची नोंद राहते, घरातल्या मागणीची नाही.

अपत्याचे लिंग पित्याच्या गुणसूत्रावर ठरते, हे आपण वर्गात शिकवतो, त्याला गुणही देतो. मुलगी झाल्याचा बोल मात्र आईलाच लागतो. जनुकांच्या कात्रीवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांच्या लेखांत एवढे तरी यायला हवे होते.