उपाय १२, पण प्रश्न एकही नाही

विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी केलेला २० मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना दर वेळी ८७ टक्क्यांवर गोठत असे. सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत १२ उपाय होते: संगणक पुन्हा सुरू करा, सॉफ्टवेअर पुन्हा टाका, ड्रायव्हर बदला, इत्यादी. दोन संध्याकाळ आम्ही ते सारे केले. पदरी काही पडले नाही.

पुस्तिका पहिला प्रश्नच विचारत नाही, हा आमचा आक्षेप आहे. काम दर वेळी त्याच जागी अडते, की निरनिराळ्या? जागा बदलत असेल, तर तापणारा संगणक किंवा अपुरी मेमरी यांचा संशय घ्यावा. जागा तीच असेल, तर तिथली क्लिप किंवा इफेक्ट तपासावा.

आम्ही व्हिडिओचे दोन भाग केले. पहिला सुरळीत झाला, दुसरा अडला. अडणाऱ्या भागाचे पुन्हा दोन, असे एकूण चार वेळा करताच सव्वा मिनिट उरले. त्यात मोबाइलवर घेतलेली, फ्रेमचा वेग कमीजास्त होणारी एक क्लिप होती. वेग स्थिर करून ती पुन्हा घातली आणि काम पूर्ण झाले.

प्रयोगशाळेतले सर्किट बंद पडले, की दोष शोधायची हीच रीत आपण मुलांना शिकवतो. ती पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.