वर्गातील पडदा आणि सत्तेचा इतिहास

चित्रपटाच्या साह्याने इतिहास शिकवावा असे म्हणणारे बहुधा चित्रपटाला पाठ्यपुस्तकातील चित्राचे स्थान देतात. शिक्षकाने आधी सांगावे आणि पडद्याने मागाहून दुजोरा द्यावा, एवढेच त्यांना अभिप्रेत असते. वसाहतोत्तर इतिहासाच्या बाबतीत ही अपेक्षा तोकडी पडते. कारण येथे घटनांइतकाच, त्या सांगण्याचा अधिकार कोणाचा, हाही वादाचा विषय असतो.

दुर्गच्या विद्यार्थ्यापुढे हा वाद ठेवावयाचा तर प्रारंभ प्रदीप कृष्ण यांच्या ‘मॅसी साहिब’पासून (१९८५) करणे उचित. जॉइस केरी हा नायजेरियात ब्रिटिश अधिकारी होता. त्याच्या ‘मिस्टर जॉन्सन’ (१९३९) या कादंबरीतील कारकून या चित्रपटात १९२९ च्या सुमाराच्या मध्य प्रांतात येतो. १९०६ मध्ये जिल्हा झालेला दुर्ग याच प्रांतात होता. साहेबाचा रस्ता जंगलातून पुढे जावा म्हणून मॅसी वाकड्या वाटा धरतो, अखेर त्याच्या हातून मनुष्यवध घडतो. तरी साहेब आपणास सोडवील ही त्याची श्रद्धा ढळत नाही. आफ्रिकेतला कारकून इकडे इतक्या सहज वावरू शकतो, यातच एका राज्यपद्धतीची ओळख पटते. परंतु रघुवीर यादव यांनी मॅसीला कितीही जिवंत केले तरी कथेचा साचा अधिकाऱ्याने घडविलेलाच राहतो. चिनुआ अचेबेला हीच कादंबरी खटकली आणि तो लेखनास प्रवृत्त झाला, हे येथे ध्यानात घ्यावे.

सेनेगलच्या उस्मान सेम्बेनने तो साचाच टाकून दिला. फ्रेंचमध्ये लिहिलेल्या आपल्या कादंबऱ्या निरक्षर देशबांधवांपर्यंत पोहोचत नाहीत हे जाणवल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो मॉस्कोस चित्रपटकला शिकला. (भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये त्याच देशाच्या साह्याने पेटली, हा योगायोग भिलाईकरांना रुचावा.) ‘एमिताई’त (१९७१) महायुद्धकाळातील फ्रेंच सैन्य दिओला खेड्याकडे तांदूळ मागते, स्त्रिया तो लपवितात आणि उन्हात बसविल्या जातात. मध्येच पेतँऐवजी द गॉलचे चित्र भिंतीवर लागते. सात ताऱ्यांच्या मार्शलची जागा दोन ताऱ्यांचा सेनापती कशी घेतो, याचे काळ्या शिपायांना नवल वाटते. तांदळाची मागणी कायमच राहते. भातपिकाच्या दुर्ग जिल्ह्यात या प्रसंगाला भाष्य नको.

मराठी वाचकाची खरी कसोटी मात्र ‘सेद्दो’ (१९७७) पाहतो. येथे गोरा व्यापारी आणि पाद्री जवळजवळ मुकेच आहेत; खेडुतांवर धर्म लादणारा आणि राजसत्ता बळकावणारा इमाम त्यांच्यामध्येच वावरणारा आहे, आणि बंदुकांसाठी माणसे विकणारेही स्वकीयच. स्वतंत्र सेनेगलने या चित्रपटावर बंदी घातली. अधिकृत कारण काय, तर नावातला जोडाक्षरी ‘द’!

छत्तीसगडचे पारतंत्र्य नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले तेथून मोजण्याचा मराठी प्रघात आहे. परंतु १७४१ मध्ये भास्करपंतांची फौज रतनपूरवर आली, पुढे तेथे बिंबाजी भोसल्यांनी राज्य केले, आणि त्यांच्या पश्चात नागपूरचे सुभेदार वसूल घेऊ लागले. मराठी ग्रंथांत हे सारे राज्यविस्तार या नावाने येते. भोसल्यांनी धर्म लादला नाही, हा भेद मोठा आहे; तथापि वसुलीचा प्रश्न त्याने मिटत नाही. दुर्गच्या वर्गात ‘सेद्दो’ संपून दिवे लागतील तेव्हा सुभेदारीला कोणते नाव द्यावयाचे, हे मराठी घरातील विद्यार्थ्याला शेजारच्या छत्तीसगढी विद्यार्थ्यादेखत सांगावे लागेल.