बिटएक्सचे चार क्रिस्टल

हैदराबादच्या अशर फरहान यांचा ‘बिटएक्स’ हा घरी जोडण्याजोगा हॅम रेडिओ संच. मूळचा 14 मेगाहर्ट्‌झवर चालणारा, सहा वॅटचा. महागड्या चुंबकीय कडीऐवजी नळाच्या वायसरवर तार गुंडाळायची, ही त्यातली युक्ती मला फार आवडते. वायसर काय, भंडाऱ्यातही मिळेल!

अडचण फिल्टरची आहे. शेजारची स्टेशने अडवणारे 10 मेगाहर्ट्‌झचे चार क्रिस्टल आकृतीत सरळ ओळीने दिसतात. पण ते एकमेकांशी जुळणारे हवेत. एक कोटी कंपनांत शे-दोनशेंचा फरक शाळेत मोजायचा कशाने?

दोन साधे दोलक जोडा. एकात ठरावीक क्रिस्टल ठेवा, दुसऱ्यात एकेक बदलत जा. जवळच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर शिट्टी ऐकू येईल. हे पुस्तकातले विस्पंदच. स्वर जितका खालचा, तितका फरक कमी. मात्र सारखी शिट्टी देणारे दोन क्रिस्टल जुळे असतीलच असे नाही. एक वर, दुसरा खाली असू शकतो. म्हणून त्यांनाही समोरासमोर लावून पाहावे.

2016 मध्ये ‘बिटएक्स40’ची पट्टी तयार जोडूनच मिळू लागली. संच चटकन बोलतो, पण हा सारा खटाटोप विद्यार्थ्याच्या हातून जातो. अकरावीच्या वर्गाला मी जुनाच आराखडा देईन, तोही ऐकण्याच्या भागापुरता. प्रक्षेपणाला परवाना लागतो.