एक चाल, दोन गाणी : सत्तरीच्या स्मरणरंजनाविषयी

गेली काही वर्षे मराठीत आठवणींच्या एका विशिष्ट लेखनाला बहर आलेला आहे. १९७० ते १९७५ हा त्या लेखनाचा लाडका काळ. कोणताही दिवाळी अंक उघडावा, ऐवज ठरलेला असतो. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला, 'आराधना' (१९६९) नंतरचे राजेश खन्नाचे वेड, बेलबॉटम, इराण्याकडचा ब्रून मस्का, चाळीच्या गॅलरीतल्या गप्पा, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई दूरदर्शन आणि ते बघायला शेजाऱ्याच्या खोलीत झालेली गर्दी. २०२४ साली अमीन सयानी गेले तेव्हा या लेखनाला आणखी एक भरती आली. लेखाच्या शेवटचा सुस्कारा मात्र तोच : माणसे साधी होती, स्वस्ताई होती, एकोपा होता.

मी त्याच काळात वाढलो. १९७२ साली मी चौदा वर्षांचा होतो. त्यामुळे या लेखनाकडे वाचक म्हणून आणि साक्षीदार म्हणूनही पाहण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. ती गाणी आम्हीही ऐकली, ते चित्रपट आम्हीही पिटात बसून पाहिले. आठवणी काढण्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आठवण्याच्या रीतीला. वस्तू आठवायची आणि तिच्याभोवती माणसे कशी उभी होती ते गाळायचे, अशी ही रीत आहे. रेडिओ आठवतो, तो कोणाच्या घरात होता आणि उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, ते आठवत नाही. हे विस्मरण निरागस मानता येत नाही. ज्या पांढरपेशा वर्गाच्या हाती लेखणी आहे त्याचे बालपण अवघ्या महाराष्ट्राचे बालपण म्हणून नोंदले जाते आणि पुढच्या पिढीचा विद्यार्थी त्यालाच इतिहास समजतो.

रेडिओपासूनच सुरुवात करू. त्या काळी रेडिओ बाळगायचा तर पोस्टात परवान्याची फी भरावी लागे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात रेडिओ बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक ग्रामपंचायतीचा, चावडीवर भोंगा लावून वाजणारा. चावडी गावात आणि आमची वस्ती गावकुसाबाहेर. चावडीच्या ओट्यावर बसून ऐकण्याची मुभा आम्हांला नव्हती. पण आवाजाला वेस अडवत नाही. वारा आमच्या बाजूचा असला की 'आपली आवड' वस्तीत स्वच्छ ऐकू येई. वारा फिरला की गाणे मध्येच तुटे. त्या काळची कितीतरी गाणी मला अर्धीच पाठ आहेत. त्याचे कारण माझ्या स्मरणशक्तीत नाही, गावाच्या रचनेत आहे. स्मरणरंजनाच्या लेखात गाणे पूर्ण असते, कारण ते लिहिणारा ओट्यावर बसलेला असतो.

आता स्वस्ताई. १९७२-७३चा दुष्काळ या लेखनात क्वचित डोकावतो, आणि डोकावला तरी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या कोरड्या नदीपुरता. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. माझे आईवडील त्यांत होते. आई खडी फोडी, वडील पाझर तलावाच्या भरावावर माती टाकत. मस्टरवर नाव लागले तर त्या आठवड्याची सोय. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. पाण्याचे रांजण कामावरही दोन होते. दुष्काळाने सगळ्यांना एका रांगेत खडी फोडायला बसवले, पण पाण्यापाशी ती रांग पुन्हा दुभंगली. याच कामांमधून रोजगार हमीची योजना आकाराला आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता. सत्तरीच्या दशकाने देशाला दिलेली ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा मोठी आहे. पण खडी फोडणाऱ्यांनी दिवाळी अंकात लेख लिहिले नाहीत.

शहरातली स्वस्ताई तरी खरी होती काय? १९७४च्या सुमारास देशातला महागाईचा दर २० टक्क्यांच्या पलीकडे गेला होता. त्याच काळात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरत होत्या. तेल नाही, रॉकेल नाही, साखर नाही. त्या मोर्चांत मध्यमवर्गीय घरांतल्या गृहिणीही होत्या. ज्या आयांनी लाटणी उगारली त्यांचीच मुले आज स्वस्ताईचे गोडवे गातात, यातून स्मरणरंजन आपल्या स्वतःच्या आईचाही अनुभव कसा पुसून टाकते ते दिसते. चार आण्यांचा चहा लेखकाला आठवतो. त्या चार आण्यांसाठी कोणाला किती वेळ राबावे लागे, हा हिशेब त्याला कधी मांडावा लागला नाही.

चित्रपटांविषयीही असेच झाले आहे. ऐन दुष्काळाच्या वर्षी, १९७२ साली, व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. जगदीश खेबुडकरांची गीते आणि राम कदमांचे संगीत आजही लोकांच्या ओठांवर आहे आणि ते त्या मोलाचे आहे, याविषयी वाद नाही. पण त्याची गोष्ट पाहा. आदर्श मास्तर गावातून तमाशा हुसकावतो, मग त्याच तमाशातल्या बाईच्या मोहात पडतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतो. कशासाठी, तर गावाने मानलेल्या आदर्शाला तडा जाऊ नये म्हणून. आदर्श मास्तरचा आणि पतन तमाशाचे, ही वाटणी चित्रपटाने गृहीत धरलेली आहे. तमाशाचा फड ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या पोसला त्यांची बाजू तिथे कोणी विचारीत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तेव्हा प्रत्यक्ष तंबूत नाचत-गात होत्या. २००२ साली त्या गेल्या. 'पिंजरा'च्या गाण्यांवर भरभरून लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या तंबूकडे पाहिले? पडद्यावरची लावणी आठवणीत राहते, कनातीमागचे जगणे राहत नाही.

१९७३ साली 'जंजीर' आला आणि संतप्त तरुण जन्मला, असे सांगण्याची प्रथा आहे. संतप्त तरुण त्याआधीच रस्त्यावर आलेला होता. १९७०मध्ये एलिया पेरुमल समितीच्या अहवालाने अस्पृश्यांवरील अत्याचारांचे देशभरचे चित्र समोर ठेवले. १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली, पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली, राजा ढाले यांच्या 'साधना'तील लेखाने महाराष्ट्र हादरला आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला. पडद्यावरच्या नायकाचा राग एकट्याचा होता आणि सूड घेऊन तो शमत असे. या तरुणांचा राग व्यवस्थेवर होता. त्याला खलनायक मारून भागणार नव्हते. पहिल्या रागाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला गुंडगिरी म्हटले गेले. आजच्या आठवणींतही पहिलाच जपून ठेवलेला दिसतो.

दुष्काळाच्या शेवटी वडिलांनी मला मुंबईला चुलत्यांकडे आणून सोडले. चुलते गिरणीत, राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही नऊ माणसे. स्मरणरंजनाची चाळ मी आतून पाहिली आहे. एकोपा होता, आजारपणात, मयताला, लग्नाला माणसे धावून येत. पण कोणत्या नंबरच्या चाळीत कोण राहते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव यांचा जीव घेतला. एकोप्याची परीक्षा त्या जानेवारीत झाली. चाळीवर लिहिणाऱ्याने हा महिना गाळला तर त्याची चाळ नाटकाच्या नेपथ्यातली चाळ होते.

याच चाळींनी मला एक गोष्ट दिली, आणि या लेखात मला मुख्यतः तीच सांगायची आहे. १४ एप्रिल जवळ आला की दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत मांडव पडे. गायन पार्ट्या येत. पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे साथ धरणारी पाच-सहा माणसे. रात्रभर सामना चाले. त्या मांडवात मला गावी अर्धी ऐकलेली गाणी पुन्हा भेटली. चाल तीच, शब्द वेगळे. रेडिओवर गाजलेल्या चालीवर आमच्या कवींनी बाबासाहेबांचा, बुद्धाचा, गावच्या अन्यायाचा, पोरीच्या शिक्षणाचा शब्द बसवलेला असे. ही युक्ती फार विचारपूर्वक केलेली होती. चाल लोकांना आधीच पाठ, त्यामुळे ध्रुवपद पहिल्याच फेरीत सगळा मांडव उचलून धरी. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना कागदाची गरज उरत नसे. ज्या चावडीच्या रेडिओने आम्हांला लांब ठेवले त्याच रेडिओने चाल फुकट घरपोच केली होती. शब्द आमच्याकडे होतेच.

मराठी समीक्षेने याला उसनवारी ठरवून बाजूला सारले. इथे मला थांबून विचारावेसे वाटते. जुन्या संगीत नाटकाचे कोणतेही पुस्तक उघडा. पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून आधीच्या कोणत्यातरी गाण्याचा निर्देश छापलेला सापडतो. तिथे ती परंपरा आणि मांडवात मात्र उसनवारी, हा न्याय कोणता? वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव हिंडत गाणी रचत राहिले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गळ्यांनी एका समाजाला दशकभर जागे ठेवले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, उमप २०१० साली. त्यांच्या जाण्यावर बातम्या आल्या. पण सत्तरीच्या 'सुवर्णकाळा'वर लिहिताना त्यांचे नाव त्याच ओळीत येत नाही. म्हणून मी म्हणतो की त्या काळच्या प्रत्येक गाजलेल्या चालीची दोन गाणी होती. स्मरणरंजनाने एकच ठेवले, आणि अर्धी लोकसंस्कृती पूर्ण म्हणून विकली.

इथवर वाचून आपल्यापैकी काहींना बरे वाटले असेल. पण हीच कसोटी आपल्याकडे वळवली पाहिजे. आपलेही एक स्मरणरंजन तयार होत आहे. १९७२ची पँथर, ती पत्रके, सिद्धार्थ विहारातल्या त्या रात्री, ते मोर्चे. या आठवणींत १९७४ची फूट दोन वाक्यांत उरकली जाते आणि स्त्रिया तर जवळजवळ नसतातच. ज्या मांडवाचे मी वर्णन केले त्याची जमीन चुलतीने आणि शेजारच्या बायांनी सारवलेली असे. गायन पार्टीच्या तीस माणसांचे जेवण त्याच रांधत. पहाटे चारला सार्वजनिक नळावर नंबर लावायचा असल्याने सामन्याचा शेवट त्यांनी क्वचितच ऐकला. मी गाणी अर्धी ऐकली ती गावामुळे. चुलतीने अर्धी ऐकली ती आमच्यामुळे. हे दुसरे वाक्य लिहिता येत नसेल तर पहिले लिहिण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

दलित आत्मकथनाची ताकद इथेच होती. 'बलुतं' (१९७८) असो की बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), त्यांतली आठवण आपल्या माणसांनाही सूट देत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून नोंदी केल्या. आत्मकथन आणि स्मरणरंजन यांत फरक सुखदुःखाचा नाही. सुखाच्या आठवणीही आत्मकथनात येऊ शकतात. फरक हा की, आत्मकथनात आठवण साक्ष देते आणि साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकते; स्मरणरंजनात ती भिंतीवरची तसबीर होते.

आता काम थोड्या घाईचे आहे. वरळीच्या चाळी पाडल्या जात आहेत, तिथे मनोरे उभे राहत आहेत. चांगले घर मिळणे हा त्या माणसांचा हक्क आहे. त्यावर गळा काढण्याचे कारण नाही. पण घर बदलताना ट्रंकेतल्या वह्या रद्दीत जातात. त्या वह्यांत गायन पार्ट्यांची गाणी आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकत घेतलेल्या पातळ पुस्तिका आहेत. त्या गाणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांची वये ऐंशीच्या घरात आहेत.

महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक सुटी या कामाला द्यावी. एकेका गाण्यापुढे लिहावे : मूळ चाल कोणत्या चित्रपटातली, शब्द कोणाचे, कोणत्या मांडवात कोणत्या साली म्हटले, पेटीवर कोण होते, आणि त्या रात्री चुलीपाशी कोण होते. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नये.