प्रात्यक्षिकात वाचक कुठे आहे?

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणाला मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'अनुभव किती?' अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हे चक्र तोडायचे तर शिक्षण चालू असतानाच प्रत्यक्ष काम करायला हवे, हे सर्वांना मान्य आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्याच वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प ठेवला आहे. एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर हे १२० तास होतात. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तास भरले म्हणजे अनुभव मिळाला असे होत नाही.

या विषयातील नेहमीची प्रात्यक्षिक परीक्षा कशी असते ते पाहू. वर्गीकरणाच्या प्रश्नपत्रिकेत पुस्तकांची नावे छापलेली असतात. विद्यार्थ्याने प्रत्येक नावाला वर्गांक द्यायचा. तालिकीकरणात मुखपृष्ठावरील माहिती दिलेली असते, तिच्यावरून नोंद तयार करायची. यातून शिस्त लागते, हे खरे. पण येथे पुस्तक नसते आणि वाचकही नसतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उत्तर आधीच माहीत असल्यामुळे निरीक्षणे जुळवून लिहिणारी मुले आपण शिक्षकांनी पाहिलेली आहेत. हाही त्याच जातीचा प्रयोग आहे.

हा वाद जुना आहे. ग्रंथपाल पूर्वी उमेदवारी करूनच तयार होत. मेल्विल ड्युई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालनाची शाळा काढली. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि १९११ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. १९२३ साली अमेरिकेत चार्ल्स विल्यमसन यांनी आपल्या अहवालात कारकुनी काम आणि व्यावसायिक काम यांत स्पष्ट रेघ ओढली. ही रेघ आजही उपयोगी आहे. विद्यार्थ्याने १२० तास पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दाखल क्रमांक टाकले, तर ग्रंथालयाचे काम होईल. विद्यार्थ्याचे शिक्षण होणार नाही.

याउलट रंगनाथन यांचे उदाहरण पाहा. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत शिकवण्याकडे जाऊ पाहू लागले. त्यांचे मन पालटले ते इंग्लंडमध्ये. तेथे त्यांनी क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केले आणि शंभराहून अधिक ग्रंथालये हिंडून पाहिली. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांच्या केंद्रस्थानी वाचक आहे. एक सूत्र तर वाचकाच्या वेळेविषयीच आहे. वाचकांमध्ये वावरल्याशिवाय ही दृष्टी आली नसती.

म्हणून प्रत्यक्ष कामाची कसोटी अशी असावी: विद्यार्थ्याने खऱ्या वाचकाचा खरा प्रश्न सोडवला का?

समजा, रावेरच्या शाळेतील आठवीच्या मुलीने विचारले, 'केळ्यात बी का नसते?' प्रश्न साधा वाटतो. ड्युई दशांश पद्धतीत केळीचा वर्गांक ६३४.७७२, म्हणजे बागायती शेतीत. त्या फळीवर लागवड, खते, रोग यांची पुस्तके मिळतील. या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळणार नाही. आपण खातो ती केळी बहुतेक त्रिगुणित असते, म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. त्यामुळे बी धरत नाही, आणि फलनाशिवायच फळ वाढते. हे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या किंवा आनुवंशिकीच्या पुस्तकात आहे. मुलगी 'बी' म्हणते, पुस्तक 'गुणसूत्रे' म्हणते. या दोन शब्दांमध्ये पूल बांधणे हीच संदर्भसेवा. छापील नावांना वर्गांक देऊन हे कौशल्य येत नाही.

संगणकाच्या बाबतीतही तसेच. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरमालिका वाटतात. ग्रंथालयाच्या प्रणालीने ती एकरूप करून घेतली नसतील, तर पुस्तक फळीवर असूनही शोधात 'नाही' असे उत्तर येते. नुसत्या नोंदी भरणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. देवघेवीच्या टेबलापाशी बसून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी पाहणाऱ्याला तो दिसेल. तसेच 'बहिणाबाई' असा शोध घेतल्यावर सतराव्या शतकातील तुकारामशिष्या आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची पुस्तके एकत्र आली, की लेखकनामांची नोंद वेगळी का ठेवायची, हे न सांगता कळते.

असा अनुभव पुण्या-मुंबईतच मिळतो, हा समज खानदेशात घट्ट आहे. तो सोडायला हवा. जळगावला १८७७ पासूनचे व. वा. वाचनालय आहे. अमळनेरला तत्त्वज्ञान केंद्राचा संग्रह आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथे हस्तलिखिते व कागदपत्रे आहेत. आणि प्रत्येक तालुक्यात शाळांची कुलूपबंद कपाटे आहेत!

आक्षेप असा येईल, की लहान ग्रंथालयात मार्गदर्शन कोण करणार? आक्षेप रास्त आहे. एकट्या विद्यार्थ्याला तेथे सोडून देणे म्हणजे त्याला फुकटचा मजूर करणे. म्हणून जबाबदारी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी घ्यावी आणि मूल्यमापन हजेरीपटावर न करता प्रश्नवहीवर करावे. या वहीत चार रकाने पुरेत: वाचकाने काय विचारले, कुठे शोधले, किती वेळ लागला, काय मिळाले नाही. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवतात, तशीच ही नोंद आहे. जे मिळाले नाही त्यावरूनच पुढची खरेदी, पुढची सूची आणि पुढचा सुधारलेला शोध ठरतो.

शाळेतील शिक्षकांना यात आपला वाटा उचलता येईल. जवळच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास शाळेच्या ग्रंथालयात बोलवावे, कपाट उघडावे आणि आपल्या वर्गातील मुलांना विचारू द्यावे. मुलांचे प्रश्न अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसणार नाहीत. माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला नेमके तेच हवे आहेत.